युद्धखेळातील बंकर: आधी त्याचे तोंड कुठे आहे ते ठरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९९ च्या कारगिल युद्धावर आधारलेला प्लॅटून (सुमारे तीस जवानांची तुकडी) पातळीचा युद्धखेळ आपण बसवत आहात. नकाशा षटकोनी घरांचा आहे, एक घर साधारण ५० मीटरचे आणि एक फेरी साधारण दोन मिनिटांची आहे. बंकरमधील सोंगटीला भरपूर संरक्षण दिले की हल्ला करणारा खेळाडू चौथ्या-पाचव्या फेरीतच हात टेकतो, आणि ते कमी केले की बंकर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा फुटतो. तेव्हा संरक्षणाचा नेमका अंक किती ठेवावा, असे आपण विचारले आहे.

मी लष्कराच्या इंजिनीअर शाखेत वीस वर्षे काढली. त्यातला मोठा काळ मोर्चे खोदण्यात आणि इतरांना ते खोदायला शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी अशाच खेळांचे प्रसंग रचतो. माझे प्रामाणिक मत असे आहे की, आपण शोधत आहात तो अंक अस्तित्वातच नाही. बंकरला एकच अंक देऊन तो आपण ‘अधिक चांगली झाडी’ किंवा ‘अधिक जाड भिंत’ केला आहे, आणि अडचणीचे मूळ तिथे आहे. बंकर हा एक सौदा असतो. आतल्या माणसाला जीव वाचण्याची शक्यता मिळते, आणि त्या बदल्यात त्याला नजर, हालचाल व लपून राहणे यांचा मोठा हिस्सा द्यावा लागतो. आपल्या नियमांत मिळकत नोंदली गेली आहे, किंमत नोंदली गेलेली नाही.

पुढचे सारे विवेचन आपल्या प्रमाणाला, म्हणजे ५० मीटरच्या घराला धरून आहे, हे आधीच सांगतो. घर अडीचशे मीटरचे आणि सोंगटी कंपनीची असेल तर बंकरच्या भोकाचा, म्हणजे गोळी झाडायच्या फटीचा, विचार करण्यात अर्थ नाही, तिथे एक अंक पुरतो. तसेच मऊ मातीतला छत घातलेला मोर्चा, सिमेंटचा कायमस्वरूपी बंकर आणि कारगिलच्या उंचीवरचा दगड रचून केलेला संगर या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आपला विषय मुख्यतः तिसऱ्या वस्तूचा आहे.

आता त्या सौद्याची किंमत मोजून पाहू. समजा भिंत ६० सेंटीमीटर जाड आहे आणि तिच्यात ६० सेंटीमीटर रुंदीचे, सरळ बाजूंचे मारा-भोक आहे. आतल्या कडेला, भोकाच्या मधोमध डोळा ठेवला तर सुमारे ५३ अंशांचा पट्टा दिसतो. म्हणजे शंभर मीटरवर शंभर मीटर रुंदीचे मैदान दिसते, पण दहा मीटरवर दहाच मीटरची पट्टी उरते. गोळ्या अधिक चांगल्या अडाव्यात म्हणून भिंत दुप्पट जाड केली आणि भोक तेवढेच ठेवले, तर हाच पट्टा २८ अंशांवर येतो आणि दहा मीटरवर जेमतेम पाच मीटर दिसतात. ज्यांनी आपल्या किल्ल्यांच्या तटातल्या जंग्यांना डोळा लावून पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको; जंगीतून पायथ्याची वाट दिसते, पण शेजारच्या बुरुजाला बिलगून उभा असलेला माणूस दिसत नाही. भोक बाहेरच्या बाजूला फाकवून नजर वाढवता येते. मात्र ती फाकलेली तोंडे बाहेरून येणाऱ्या गोळीला आत वळवतात, म्हणून तोही फुकटचा लाभ नव्हे.

एका सरावात मी स्वतः छत घातलेल्या मोर्चात मशीनगनच्या मागे तासभर बसलो होतो. कोरडी जमीन होती आणि समोर ओले गोणपाट टाकायचे राहिले होते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फैरींतच नळीच्या झोताने उडालेली धूळ भोकासमोर पडद्यासारखी उभी राहिली. फैरींच्या आवाजाने कान बंद झाले होते. सरावातला ‘शत्रू’ डाव्या बाजूने सरपटत छतापर्यंत आला, त्याने प्रवेशाच्या वाटेतून एक दगड आत टाकला, आणि तो माझ्या बुटावर आपटला तेव्हाच मला त्याचे अस्तित्व कळले. तो दगड हातबॉम्ब असता तर पुढचे लिहायला मी नसतो. त्या दिवसापासून बंकरला सर्व बाजूंनी सारखेच संरक्षण देणारा कोणताही नियम मला पटलेला नाही.

म्हणून माझ्या खेळात प्रत्येक बंकरच्या सोंगटीवर बाण असतो. बाणाच्या दिशेने, घराच्या एका कडेतून पसरणारा सुमारे ६० अंशांचा पट्टा हेच त्याचे माऱ्याचे क्षेत्र. त्या पट्ट्याबाहेर बंकरमधील माणसे गोळी झाडू शकत नाहीत आणि लगतचे घर सोडून काही पाहूही शकत नाहीत. लगतच्या घरातला शत्रूसुद्धा त्यांना फासा टाकूनच कळतो. मागची बाजू म्हणजे प्रवेशाची वाट. तिथून आलेल्या हल्ल्यात बंकरचे संरक्षण जवळपास शून्य धरावे.

यानंतरचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या नियमांत गोळीबाराचा परिणाम एकाच फाशात ठरतो, आणि बंकरचा अंक त्या फाशातून वजा होतो. त्यामुळे बंकरमधील माणूस मरत नाही, आणि दबतही नाही. प्रत्यक्षात या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. बंकर माणसाला मरू देत नाही, पण त्याला गप्प करणे त्या मानाने सोपे असते, कारण त्याचे डोके कुठून बाहेर पाहणार हे पहिल्या फैरीनंतर सर्वांना ठाऊक होते. एक मशीनगन त्या भोकावर नेम धरून थोड्या थोड्या अंतराने फैरी झाडत राहिली, तर आतला माणूस जिवंत असतो, धडधाकट असतो, पण भोकापाशी नसतो. दगडी संगरात तर भोकाच्या कडेवर आपटलेली गोळी दगडाच्या कपच्या उडवते, आणि त्या गोळीइतक्याच वाईट लागतात.

म्हणून हानीचा फासा आणि दबण्याचा फासा वेगळे करा. माझा नियम असा आहे की, माऱ्याच्या पट्ट्यातून भोकावर गोळीबार झाला तर दबण्याची शक्यता उघड्यावरील तुकडीइतकीच धरायची आणि हानीची शक्यता तिच्या सहाव्या हिश्शाने धरायची. मागची प्रवेशाची वाट सोडून पट्ट्याबाहेरून रायफल किंवा मशीनगन झाडली तर परिणाम शून्य, कारण ती गोळी भिंतीत जाते. या दोन वाक्यांनी खेळाचा सारा रंग बदलतो. भोक दाबायचे असेल तर कुणाला तरी त्या पट्ट्यात, म्हणजे बंकरच्या माऱ्यात, उभे राहावे लागते. आणि बंकर घ्यायचा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी पट्ट्याबाहेरून चढावे लागते. हल्ला करणाऱ्या खेळाडूला आपल्या सेक्शनची (साधारण दहा जवानांच्या गटाची) वाटणी करावी लागते, धूर कुठे टाकायचा ते ठरवावे लागते, आणि दाबणाऱ्या गटाचा दारूगोळा संपण्याआधी चढणारा गट पोचेल का, याचा हिशेब ठेवावा लागतो. बंकरवरची लढाई प्रत्यक्षात अशीच असते.

बचाव करणाऱ्यालाही निवड हवी. दबलेल्या बंकरमधील तुकडीला मागच्या जोडखंदकात बाहेर येण्याची मुभा द्या. तिथे छत नाही, पण चहूकडे नजर आहे. आत राहून आंधळे व्हायचे की बाहेर येऊन उघडे पडायचे, हा निर्णय खेळाडूला घ्यायला लावला की त्याच्या बाजूचा कंटाळाही जातो. नाहीतर बंकरमधला खेळाडू नुसता फासे टाकत बसतो.

तोफखान्याविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, पण कारगिलचा खेळ १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सशिवाय उभा राहत नाही, आणि बहुतेक रचनाकार इथे एका टोकाला जातात. एक साधे गणित मांडतो. ५० मीटरच्या षटकोनाचे क्षेत्रफळ सुमारे २,१६५ चौरस मीटर भरते, आणि तीन बाय दोन मीटरच्या बंकरचे छत सहा चौरस मीटर. गोळे त्या घरात सारखे विखुरले असे धरले, तर साधारण ३६० गोळ्यांमागे एक छतावर बसतो. सहा तोफांच्या बॅटरीने प्रत्येकी दहा, असे ६० गोळे टाकले तर निदान एक गोळा छतावर बसण्याची शक्यता सुमारे १५ टक्के येते, म्हणजे एका फाशावर सहा पडण्याच्या थोडी खाली. हा आकडा मी तसाच वापरतो: पूर्ण बॅटरीचा मारा, एक फासा, सहा आला तर बंकर गेला. अन्यथा आतली माणसे मारा चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक फेरी दबलेली राहतात. जवळ पडलेल्या गोळ्याने संगराची भिंत ढासळते ती बाब मी वेगळ्या, छोट्या फाशात धरतो, कारण चिखल-सिमेंटाविना रचलेला दगड मातीसारखा धक्का शोषून घेत नाही.

कारगिलमध्ये बोफोर्स तोफा जिथे शक्य झाले तिथे लक्ष्य डोळ्यांनी दिसेल अशा जागी आणून थेट नेम धरून डागल्या गेल्या, त्याला वरील गणित लागू नाही. थेट माऱ्यात विखुरणे फार कमी असते. त्याला वेगळा आणि बराच चांगला फासा द्या, पण तोफेला लक्ष्य दिसते आहे हे नकाशावर सिद्ध करायला लावा.

आणि इथेच बंकरचे खरे मोल दिसते. आपले जवान जवळ आले की तोफा थांबवाव्या लागतात. माझ्या नियमात १५५ मिलिमीटरचा मारा स्वतःच्या तुकडीपासून चार घरांच्या आत, म्हणजे २०० मीटरच्या आत, टाकता येत नाही. खड्या चढावर एक घर चढायला दोन फेऱ्या लागतात. म्हणजे तोफा थांबल्यापासून हातबॉम्बच्या अंतरावर येईपर्यंत आठ फेऱ्या, सुमारे सोळा मिनिटे जातात. त्या सोळा मिनिटांत आतली जिवंत माणसे पुन्हा भोकापाशी येतात. बंकरने त्यांना वाचवले ते या सोळा मिनिटांसाठी. ही पोकळी मशीनगन, ८४ मिलिमीटरचा रॉकेट लाँचर, छोट्या उखळी तोफा आणि धूर यांनी भरून काढणे हे हल्ला करणाऱ्या खेळाडूचे काम आहे. आपल्या खेळात तो चौथ्या फेरीत हात टेकतो, तो बहुधा याच पोकळीत. तेव्हा आधी तपासा की ती भरून काढण्याची साधने आपण त्याला दिली आहेत का.

आतापर्यंत एकट्या बंकरविषयी बोललो. एकटा बंकर हुशार हल्लेखोरापुढे फार टिकत नाही, आणि टिकूही नये. मोर्चाबंदी भक्कम होते ती शेजाऱ्यामुळे. ‘अ’ बंकरची आंधळी बाजू ‘ब’च्या पट्ट्यात यावी, ‘ब’ची ‘क’च्या, आणि या पट्ट्यांच्या फटींवर काटेरी तार, सुरुंग किंवा उखळी तोफेचा आधीच नोंदवलेला मारा असावा. खालुबारच्या लढाईत, २ आणि ३ जुलै १९९९ च्या दरम्यानच्या रात्री, १/११ गोरखा रायफल्सचे कॅप्टन मनोजकुमार पांडे एकामागून एक बंकर घेत गेले, आणि चौथ्या बंकरवर चालून जाताना वीरगतीला प्राप्त झाले. पहिला बंकर पडला म्हणजे काम संपत नाही, कारण तो घेणारा माणूस त्याच क्षणी पुढच्या बंकरच्या माऱ्यात उभा असतो. आपल्या खेळात हे दिसायला हवे. त्यासाठी वेगळा नियम लागत नाही, बाण नीट लावले की ते आपोआप घडते. बचाव करणाऱ्या खेळाडूला बंकर मांडायला द्या आणि मग दोघांनी मिळून पट्टे पेन्सिलीने काढून पाहा. कोणत्याही पट्ट्यात न येणारी घरे हीच हल्ल्याची वाट.

जुने उदाहरण घ्यायचे तर १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्रीचे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले गंगासागर पाहा. १४ गार्ड्सचे लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी आधी हलक्या मशीनगनचा बंकर संगिनीने साफ केला. पुढे एका भक्कम केलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून मध्यम मशीनगन मारा करत होती. जखमी अवस्थेत सरपटत जाऊन त्यांनी तिथे हातबॉम्ब टाकला, तरी ती थांबेना, तेव्हा बाजूच्या भिंतीवरून चढून आत शिरून त्यांनी ती बंद केली. दोन गोष्टी टिपून ठेवा: हातबॉम्ब आत पडला म्हणजे सगळे संपलेच असे नाही, म्हणून त्याला आपोआप यश देऊ नका, आणि शेवटची वाट बाजूची होती, समोरची नव्हती. असे एका माणसाचे शौर्य नियमात बसवायचे असेल तर ते विरळ ठेवा. मी एका पूर्ण खेळात एका बाजूला एकदाच, दबलेल्या तुकडीतून एक माणूस पुढे काढण्याची संधी देतो, आणि तो परत येण्याची शक्यता कमीच असते. त्यांचे परमवीरचक्र मरणोत्तर होते, हे आकडे ठरवताना विसरता कामा नये.

घेतलेल्या बंकरमधले हत्यारही सोडू नका. ४ जुलै १९९९ रोजी पॉइंट ४८७५ च्या सपाट माथ्यावर १३ जम्मू अँड काश्मीर रायफल्सचे रायफलमन संजय कुमार यांनी शत्रूने टाकून दिलेली युनिव्हर्सल मशीनगन उचलून पळणाऱ्या शत्रूवरच चालवली. माझ्या नियमात बंकर पडल्यावर एक फासा टाकून हत्यार शाबूत आहे का ते ठरते. मात्र बंकर हाती आला तरी त्याचे भोक उलट्या दिशेला असते, आणि आता शत्रूच्या बाजूला त्याची प्रवेशाची उघडी वाट येते. प्रतिहल्ला आला की नव्या मालकाला त्या बंकरचा उपयोग फारसा होत नाही. हा बारकावा नियमात आणल्यावर माझ्या खेळातील प्रतिहल्ल्यांना पहिल्यांदा धार आली.

प्रतिहल्ला आणि रसद यांची वाट नकाशावर हवीच. टायगर हिलचा माथा १८ ग्रेनेडियर्सनी ४ जुलैला गाठला, पण ८ शीखने पश्चिमेकडचा दांडा, म्हणजे हेल्मेट आणि इंडिया गेट या जागा, घेतल्यावर शत्रूचा मागचा धागा तुटला. पाच हजार मीटरच्या वर असलेल्या त्या डोंगरावर दारूगोळा, पाणी आणि रॉकेलसुद्धा माणसाच्या पाठीवरून येते. आपला नकाशा माथ्यापाशी संपत असेल तर तो मागच्या बाजूला सहा-सात घरे वाढवा. हल्ला करणाऱ्याला समोरून धडक मारण्याला एक पर्याय मिळेल, आणि बचाव करणाऱ्याला पाठीकडे पाहावे लागेल.

लपवाछपवीविषयी थोडेच सांगतो. खेळाच्या आरंभी बंकरच्या सोंगट्या उघड मांडू नका. बचाव करणाऱ्याने त्या जागा कागदावर लिहून ठेवाव्यात, नकाशावर खऱ्या आणि खोट्या मिळून दुप्पट खुणा ठेवाव्यात, आणि बंकरने गोळी झाडली की खूण उलटावी. रात्रीच्या खेळात नळीची ज्वाला दिसते म्हणून झाडणारा बंकर लगेच उघड होतो. कधी झाडायचे हा संयम मग बचावाच्या खेळाचा गाभा होतो.

प्रसंगात बचाव करणाऱ्याला खेळादरम्यान नवा बंकर बांधू द्यावा का, असेही आपण शेवटी विचारले आहे. नाही. दोन बाय दीड मीटरच्या छतावर ४५ सेंटीमीटर माती टाकली तर ती १.३५ घनमीटर भरते आणि तिचे वजन दोन टनांच्या वर जाते. ते पेलायला तुळया किंवा लोखंडी पत्रे लागतात, आणि मऊ मातीतही दोन माणसांची सबंध रात्र त्यात जाते. दोन मिनिटांच्या फेऱ्यांच्या खेळात फार तर दगडांची गुडघाभर आड उभी राहील. तिला उघड्यापेक्षा किंचित बरे संरक्षण द्या आणि तिथेच थांबा. आपण पुढे हा खेळ आजच्या काळात आणणार असाल, तर मात्र छताचे मोल आणखी वाढते. युक्रेनमधील युद्धात छोट्या ड्रोनमधून उघड्या खंदकात थेट हातबॉम्ब टाकले जातात, त्यामुळे छत नसलेला खंदक हा आता पूर्वीइतका आसरा राहिलेला नाही.

राहिला समतोलाचा प्रश्न. इतके करूनही हल्ला करणारा हरत असेल तर बंकर कच्चे करू नका, त्याला वेळ द्या. कारगिलमधले तोलोलिंग शिखर १३ जून १९९९ रोजी २ राजपुताना रायफल्सच्या हल्ल्यात हाती आले, पण त्याआधी जवळपास तीन आठवडे तिथे हल्ले चालू होते आणि त्यांची किंमत मोजली गेली होती. बारा फेऱ्यांच्या खेळात तीन आठवड्यांचे काम करायला सांगणे हा नियमांचा दोष नव्हे, प्रसंगाचा दोष आहे. तेव्हा खेळ मधूनच सुरू करा. दोन बंकर आधीच उघड झालेले, एकाची भिंत ढासळलेली, हल्लेखोर रात्रीच्या अंधारात चार घरांवर पोचलेला. विजयाची अटही ‘सर्व बंकर घ्या’ अशी न ठेवता ‘उजाडण्यापूर्वी माथ्यावरच्या तीन घरांपैकी दोन धरा, आणि एक-तृतीयांशापेक्षा जास्त माणसे गमावू नका’ अशी ठेवा.

सबंध प्रसंगावर हात घालण्यापूर्वी एक छोटी चाचणी घ्या. एक बंकर, त्यात मशीनगन आणि तीन माणसे; समोर एक सेक्शन, तिच्याकडे दोन धुराचे गोळे; फेऱ्या दहा. बाण आणि दोन वेगळे फासे एवढेच नवे नियम वापरून हा प्रसंग सहा वेळा खेळा. हल्लेखोर सहापैकी चार-पाच वेळा जिंकायला हवा. मग पहिल्याची आंधळी बाजू झाकणारा दुसरा बंकर ठेवा आणि तोच प्रसंग तेवढ्याच सेक्शनने पुन्हा सहा वेळा खेळा. आता तो एखाद्याच वेळी जिंकावा. हे दोन निकाल असे आले नाहीत, तर कोणत्या फेरीत कोण कुठे अडकले याची नोंद मला कळवा, मी आपल्यासोबत ते आकडे पुन्हा तपासून पाहीन.